चार लाल

कमर्शियल पायलट लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यात ५ तास रात्रीचे, १० टेकऑफ १० लँडिंग, आणि तेही एकटीने, हे घरी सांगितलं की आईचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्यात माझी पहिली नाइट सोलो नेमकी अमावस्येला आली. आईला तिथी सांगितलीच नाही. (कॅलेंडर तिच्याकडेही असतं, फोन आलाच.)

आमचं एअरफील्ड छोटं, चारी बाजूंनी ऊस. सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी लॉगबुकातली रात्र सुरू होते, त्याआधी जीप रनवेवरून एक चक्कर मारून कुत्री-कोल्हे हाकलून येते. शिकवणाऱ्या सरांनी माझ्यासोबत तीन सर्किट मारले (टेकऑफ, रनवेभोवती एक चक्कर, लँडिंग), मग आमचं छोटं सेसना विमान थांबवायला लावून उतरले आणि म्हणाले, "जा, चार मारून ये. आणि पापी बघत राहा गं." पापी म्हणजे रनवेच्या कडेचे चार दिवे, दोन पांढरे दोन लाल दिसले की तुम्ही बरोबर ३ अंशाच्या उतारावर, लाल वाढले की खाली चाललात, चारही लाल म्हणजे संपलंच. नाव कोणी ठेवलं माहीत नाही, मराठी माणसाला तर हसूच येतं.

पहिले दोन मस्त झाले. सर नसल्याने विमान हलकं, भराभर चढत होतं, मी जरा खुशीतच होते. तिसऱ्याला शेवटचं वळण घेऊन रनवेच्या सरळ रेषेत (फायनलला) आले आणि गावाचे दिवे मागे गेले, खाली नुसता काळोख, म्हणजे ऊस आहे की विहीर आहे काही कळायला मार्ग नाही, आणि समोर रनवेचे दिवे आणि त्याच्या पलीकडे साखर कारखाना झगझगीत, गाळप चालू होतं. मला अगदी मनापासून वाटलं की मी फार उंच आहे. म्हणून पॉवर कमी केली. तरी उंचच वाटतंय, अजून कमी केली. काळोखात उंच असल्याच्या या भासाला ब्लॅक होल इल्युजन म्हणतात, ग्राउंड क्लासला मी त्यावर अख्खं उत्तर लिहिलेलं, छान मार्क पडलेले.

पापीकडे बघितलं तर चार लाल. आणि खरं सांगते, पहिला विचार आला की पापीच बिघडलाय! मग अल्टिमीटर, म्हणजे उंचीचा काटा, बघितला, २२५० फूट. आमचं फील्डच समुद्रसपाटीपासून २००० फुटांच्या आसपास, जीपीएसवर रनवे अजून दीड नॉटिकल मैल लांब, म्हणजे खाली जमीन २५० फुटांवर, जिथे पावणेपाचशे असायला हवी. तेवढ्यात रनवेच्या अलीकडच्या टोकाचे हिरवे दिवे एक एक करून गायब झाले. मध्ये काहीतरी आडवं आलं होतं, झाडंच असणार.

थ्रॉटल पूर्ण पुढे, म्हणजे गो अराउंड, न उतरता परत वर. फ्लॅप (पंखांच्या मागच्या पट्ट्या) ३० अंशांवरून २०. आणि इथे दुसरी गंमत, काळोखात एकदम वेग वाढला की कानाला वाटतं नाक फार वर गेलंय, हात आपोआप नाक खाली दाबायला जातो, म्हणजे उसातच. मी बाहेर बघायचंच सोडलं, आर्टिफिशियल होरायझनवर (विमान सरळ आहे की तिरकं ते दाखवणारं यंत्र) डोळे चिकटवले आणि मोठ्याने स्वतःला सांगत राहिले, पंख सरळ, नाक वर, स्पीड बघ. माईकचं बटण दाबलेलं होतं हे नंतर कळलं.

चौथा सर्किट पापी बघत, फक्त पापी बघत केला. टेकवताना जरा आपटलं.

खाली सर जीपला टेकून उभे. ओरडतील वाटलं.

"किती लाल?"

"चार सर."

"आणि तुला काय वाटत होतं?"

"उंच आहे."

"हं. मी गो अराउंड म्हणायला बटण दाबत होतो, तर तुझंच भजन चालू होतं."

गो अराउंड लँडिंगमध्ये धरत नाहीत. लॉगबुकात त्या रात्रीच्या ३ लागल्या, ७ राहिल्या.