एक दगड, तीन देव आणि चीनचं आरमार

श्रीलंकेच्या ट्रिपमध्ये बायकोची यादी लांबलचक होती, कँडी, एल्लाची ट्रेन, मिरिस्साचा बीच, आणि माझ्या यादीत एकच गोष्ट, कोलंबोच्या नॅशनल म्युझियममधला एक दगड. "दगड बघायला विमानाचं तिकीट काढलंस का रे?" असं ऐकून घ्यावं लागलं, पण शेवटी अर्धा दिवस पदरात पडला.

म्युझियमची इमारत १८७७ सालची, पांढरीशुभ्र, आवारात मोठमोठी झाडं. आत माझा दगड एका बाजूला उभा, साधारण माणसाच्या छातीएवढा, वरच्या टोकाला समोरासमोर दोन ड्रॅगन कोरलेत. पहिल्या नजरेत खरंच काही वाटत नाही. मग जवळ गेलो की एकाच दगडावर तीन लिप्या दिसायला लागतात, चिनी, तमिळ आणि फारसी, त्यातली फारसी बरीच झिजलेली.

हा दगड कोरला गेला चीनमध्ये, तारीख १४०९ सालच्या फेब्रुवारीतली, आणि तिथून जहाजात घालून लंकेत आणला तो झेंग ही या सरदाराने. हा माणूस मुळात युनान प्रांतातल्या मुसलमान घरातला, वडील हाजी. लहानपणी चीनच्या मिंग घराण्याच्या सैन्याने पकडून नेलं, खच्ची करून खोजा बनवला, राजपुत्राच्या चाकरीत लावला, आणि तोच राजपुत्र पुढे पुतण्याची गादी बळकावून योंगल बादशहा झाला. त्याने १४०५ मध्ये झेंग हीला आरमार देऊन पश्चिमेकडे धाडलं. १४३३ पर्यंत अशा सात सफरी झाल्या आणि पहिल्याच सफरीत सत्तावीस हजारांच्या वर माणसं होती!! वास्को द गामा कालिकतला आला तो या पहिल्या सफरीनंतर नव्वदेक वर्षांनी, चार जहाजं घेऊन निघालेला.

तर दगडावर काय लिहिलंय? चिनी मजकुरात बादशहाने बुद्धाला दान दिलंय. तमिळ मजकुरात तेच दान तेनवरै नायनारला, म्हणजे दक्षिण टोकाच्या देवुंदर गावातल्या विष्णूला. फारसीत अल्लाच्या नावाने. आणि यादी तिन्हीकडे जवळपास सारखीच! सोन्याचे १००० नग, चांदीचे ५०००, रेशमाचे १०० तागे, सुगंधी तेल २५०० कॅटी म्हणजे आपल्या हिशोबात दीड टन. बायको म्हणाली लग्नात तिन्ही व्याह्यांना सारखाच आहेर केल्यासारखं आहे हे, कोणी रुसायला नको. मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं. लंकेच्या बंदरात बौद्ध राजे, तमिळ व्यापारी आणि मुसलमान व्यापारी असे तिघे होते आणि चिन्यांना तिघांशीही काम होतं.

पण आहेर गोड असला तरी मागे फौज उभी होती हे विसरायचं नाही. तिसऱ्या सफरीतून परतताना, १४११ मध्ये, इथल्या अलकेश्वर नावाच्या सत्ताधीशाशी वाजलं. चिनी दप्तराप्रमाणे त्याने झेंग हीला आत बोलावून मागे जहाजं लुटायला माणसं पाठवली, तर याने दोन हजार माणसं घेऊन उलट राजधानीच गाठली आणि अलकेश्वराला बायकापोरांसकट पकडून नानजिंगला, म्हणजे तेव्हाच्या चिनी राजधानीला नेलं. बादशहाने त्याला माफ करून परत पाठवलं, पण गादीवर दुसऱ्याला बसवायचं ठरवून. मैत्रीच्या सफरी वगैरे जे आजकाल भाषणांत ऐकू येतं ना, ते अर्धंच खरं आहे असं माझं मत.

आणि हा सगळा कारभार नुसता नफ्यासाठीही नव्हता. दूरदूरच्या राजांनी वकील पाठवायचे, बादशहाला नजराणा द्यायचा, बादशहा त्याच्यापेक्षा भारी भेटी परत देणार, मान राहिला की झालं. मलाक्काचा (आजच्या मलेशियातलं बंदर) परमेश्वर नावाचा राजा तर १४११ मध्ये स्वतः ५४० माणसं घेऊन चीनला गेला. आफ्रिकेतल्या मलिंदीहून जिराफ गेला, तो तिकडे शुभ प्राणी किलिन म्हणून मिरवला.

खरा बाजार बघायचा तर कालिकत. सफरींवर दुभाषा म्हणून गेलेल्या मा हुआनने लिहून ठेवलंय की तिथे चेट्टी म्हणजे तिथले धनिक व्यापारी, दलाल आणि चिनी अधिकारी बसून एकेका मालाचा भाव ठरवायचे, मग सगळे हातात हात घ्यायचे आणि त्यानंतर भाव चढो की पडो, शब्द फिरवायचा नाही. हिशोब हातापायाच्या वीस बोटांवर आणि चूक शून्य. हे वाचल्यापासून मला आपल्या बैलबाजारातले रुमालाखाली बोटं दाबून सौदा करणारे दलाल आठवतात. दोन्ही रीतींचं काही नातं आहे असं म्हणत नाही, पण आठवतात खरे.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्याने ट्रेनने गॉलला गेलो, दारात बसून, समुद्र इतका जवळ की तोंडावर खारं पाणी. तिथून बसने देवुंदर. १३४४ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने वर्णन केलेलं तिथलं सोन्यानाण्याचं देऊळ पोर्तुगीजांनी १५८८ मध्ये पाडलं, आता नवं आहे. नारळ फोडला, प्रसाद घेतला. दीड टन तेलातलं काही शिल्लक नाही.

परत गॉलला आल्यावर मला क्रिप्स रोड बघायचा होता, कारण १९११ मध्ये तिथल्याच वळणाजवळ एका इंजिनिअरला हा दगड सापडला होता, मोरीवर झाकण म्हणून पालथा घातलेला. बादशहाचा दगड, तीन देवांच्या नावाचा, आणि खालून सांडपाणी! मी रस्त्याकडेला वाकून वाकून गटारं बघत होतो तेव्हा थ्री-व्हीलरवाला थांबला आणि विचारलं, काय हरवलंय? बायकोने माझ्याकडे बघितलं, म्हणाली, सांग आता त्याला.