दुरुस्त केलं की बिघडतं

निरोप एवढाच होता: एसी जुना झालाय, बदलायचाय, येऊन माप घेऊन जा. अशा कामाला मी अर्धा तास धरतो. त्या घरात तीन तास गेले.

दार उघडलं त्या बाई विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. हातात जाडजूड वही. मी पिशवी खाली ठेवायच्या आतच म्हणाल्या, "तीन वर्षांत चौघे येऊन गेले. चौघांनीही गॅस भरला. आणि दर वेळी गॅस भरला की खोली बिघडली."

मला हसू आलं. "गॅस कमी झाला की बिघडते, असं म्हणायचंय ना तुम्हाला?"

"मला जे म्हणायचंय तेच म्हटलंय."

गप्प बसलो. गॅस संपत आला की कूलिंग जातं आणि भरला की येतं, हे या धंद्यातलं पहिल्या आठवड्यात शिकायचं. पण बाईंनी वही उघडून समोर धरली. गॅस भरल्यानंतरची पानं: कॉम्प्रेसर सुरू १०.०४, बंद १०.०८. सुरू १०.१६, बंद १०.२०. पानंच्या पानं हेच. शेजारच्या रकान्यात खोलीचं तापमान २४ आणि आर्द्रता ७२ टक्के. पांघरुणं चिकट, पुस्तकांच्या पाठींवर पांढरी बुरशी, अशा नोंदी समासात. पुढे तीन-चार महिन्यांनी, गॅस हळूहळू गळत गेल्यावर, कॉम्प्रेसर चाळीस-चाळीस मिनिटं सलग चाललेला. तापमान २६, आर्द्रता ५५. समासात एकच शब्द, 'छान'. मग आणखी गळती, आतल्या थंड नळ्यांच्या जाळीवर, म्हणजे कॉइलवर, बर्फ, मेकॅनिकला फोन, गॅस, आणि पुन्हा चार मिनिटांचा खेळ.

बाई एवढ्यावर थांबल्या नव्हत्या. ड्रेन पाइपखाली बादली ठेवून रात्रभराचं पाणी मापलं होतं. भरल्या गॅसवर दीड लिटर, कमी गॅसवर साडेपाच. हा आकडा वाचला आणि माझं हसणं पार विरलं.

एसी दोन कामं करतो. हवा गार करतो आणि हवेतलं पाणी काढतो. पाणी निघायला कॉइल आधी पुरेशी थंड व्हावी लागते, मग तिच्यावर दव धरतं, मग थेंब ओघळून ट्रेमध्ये पडतात. यात काही मिनिटं जातात. यंत्र खोलीच्या मानाने फार मोठं असेल तर हवा चटकन गार होते, थर्मोस्टॅट समाधानी होतो आणि पाणी ट्रेपर्यंत पोचायच्या आत कॉम्प्रेसर बंद पडतो. आतला पंखा मात्र फिरतच राहतो आणि कॉइलवरची ओल परत खोलीत सोडतो. गार पण चिकट, तळघरासारखी हवा होते ती अशी. बाईंचं यंत्र धडधाकट असताना खोलीला डोईजड होतं. गॅस गळून अशक्त झालं की बेताचं व्हायचं, रेंगाळत चालायचं, पाणी काढायचं. आजारपणाचं सुख ते, टिकणारं नव्हतंच. चौघा मेकॅनिकांनी गळती कुठे आहे हे न शोधता नुसता गॅस ओतला, हा वेगळा राग. मी साबणाचं पाणी लावून पाहिलं तर इनडोअरच्या कॉइललाच बारीक बुडबुडे. तांब्यात मुंग्यांच्या वारुळासारखी वेडीवाकडी सूक्ष्म भोकं पडतात, तसला प्रकार असावा. तिथे डाग देण्यात अर्थ नसतो. त्यातून गॅस आर-२२, म्हणजे ओझोन वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारात १९९२ साली झालेल्या दुरुस्तीपासून हळूहळू निवृत्त होत चाललेला. यंत्र बदलायचं, यावर वाद नव्हता.

मग टेप काढली. खोली ४ मीटर बाय ३.५, उंची ३. वर मजला, म्हणजे छताचं ऊन नाही. एकच खिडकी, तीही पूर्वेला. माणसं दोन, माणशी साधारण १०० वॉट. भिंती, काच, दिवे, फटींतून येणारी बाहेरची हवा, सगळं धरून कसाबसा ३ किलोवॅट उष्णतेचा भार. एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट.

"टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे ना?" बाईंनी विचारलं. मी सांगितलं, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता खातो, तो हा टन. अमेरिकी टन, ९०७ किलोचा. बाईंनी तिथल्या तिथे सुप्त उष्मा घेऊन गुणाकार केला, सेकंदांनी भागलं आणि "बरोबर" म्हणाल्या. अशी गिऱ्हाइकं फार भेटत नाहीत.

तेवढ्यात मुलाचा फोन. स्पीकरवर ठेवला. "आई, दोन टनाचा आहे तर दोनच घे. इन्व्हर्टर घेतला की झालं, तो आपोआप कमी चालतो."

हे मी रोज ऐकतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर वेग कमी करू शकतो, खरं आहे, पण शून्यापर्यंत नाही. त्याची किमान क्षमता पत्रकात बारीक अक्षरात छापलेली असते आणि दुकानात ती कोणी विचारत नाही. दमट, पण फारशा न तापलेल्या रात्री खोलीला जेमतेम १ किलोवॅट हवा असतो. यंत्र दोन किलोवॅटच्या खाली उतरतच नसेल, तर तेही चालू-बंदच करणार. मुलगा म्हणाला, "आणि उन्हाळ्यात कमी पडला तर?" मी भाराचा कागद वाचून दाखवला. तो म्हणाला, "मग आधीच्या माणसाने दोन टन कशाला लावला असेल? काहीतरी विचार केलाच असेल ना?"

खिडकीबाहेरच्या आउटडोअरकडे वाकून मी मॉडेल नंबर वाचत होतो. पत्र्यावर काळ्या मार्करने बसवल्याची तारीख लिहिलेली, नऊ वर्षांपूर्वीची. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ. आमच्या कामावर तशी रेघ एकटा मीच मारतो.

बाईंचा चेहरा आठवत नव्हता, घर आठवत नव्हतं. पण तेव्हाची पद्धत आठवली. मी नवा होतो, दारातूनच खोलीवर नजर टाकायची आणि आकडा सांगायचा. कमी पडलं तर शिव्या खाव्या लागतात, जास्त झालं तर कोणी फोन करत नाही, असं आम्हाला शिकवलेलं. आणि खरंच, या बाईंनीही नऊ वर्षांत मला फोन केला नव्हता. केला तो इतरांना, गॅससाठी.

फोन चालूच होता. मी म्हणालो, "आधीचा माणूस मीच. विचार केला नव्हता."

पलीकडे मुलगा गप्प. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मोजलं होतं का तेव्हा?"

"नाही."

त्यांनी वही ओढली, तारीख टाकली आणि काहीतरी लिहिलं. मला दाखवलं नाही.

आठवड्याने एक टनाचा इन्व्हर्टर बसवला, १ किलोवॅटपर्यंत खाली उतरणारा, गॅस आर-३२. मुलाने जुनी तांब्याची नळी वापरता येईल का विचारलं होतं. नाही म्हटलं. तिच्यात आर-२२ बरोबरचं खनिज तेल चिकटलेलं असतं, नव्या तेलाशी ते जमत नाही, आणि आर-३२ चा दाबही बराच जास्त. नळी नवी, नळीच्या टोकांचे जोड म्हणजे फ्लेअर नवे, पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (हे इथे दाबाचं माप) खाली, मग पंप बंद करून काटा चढतो का ते पाहिलं. चढला नाही. बाई तेवढा वेळ घड्याळ घेऊन शेजारी उभ्या.

शेवटी मार्कर काढून आउटडोअरवर तारीख लिहिली. बाई खिडकीतून बघत होत्या.

"नुसती तारीख? खोलीची मापंही लिहा."

लिहिली. ४ × ३.५ × ३, खिडकी पूर्व, माणसं दोन.