रात्री सायकल कुठे असणार?

भोसरी एमआयडीसीत आमचं शेड आहे. वडिलांनी टेम्पोच्या बॉड्या बांधण्यापासून सुरुवात केली. पुढे स्कूलबसच्या सीटा, रुग्णवाहिकांचं आतलं काम, फिरते दवाखाने अशी कामं येत गेली. त्या कामांनी आमच्या हातांना एक सवय लावली. चालत्या गाडीत बसवलेली प्रत्येक वस्तू ब्रेक लागला की पुढे झेपावणार, हे धरूनच बोल्ट निवडायचा. आज आमचं बहुतेक काम कॅम्पर व्हॅनचं, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेल्या गाड्यांचं आहे, त्यातही डोंगरात सायकल चालवणाऱ्यांसाठी. या कामाकडे आम्ही कसे वळलो आणि गाडी निवडताना काय पाहायचं हे कसं शिकत गेलो, ते सांगावंसं वाटतं. गाडी घेण्याआधी आमच्याकडे येणारे कमी, घेतल्यानंतर येणारेच जास्त असतात.

हे काम पुण्यात उभं राहिलं याचं मला नवल वाटत नाही. वेताळ टेकडी शहराच्या मधोमध आहे आणि तिच्याच अंगावर एआरएआय ही १९६६ सालापासूनची वाहन संशोधन संस्था आहे. त्यामुळे अर्धं पुणं त्या भागाला एआरएआय टेकडी म्हणूनच ओळखतं. देशात विकायच्या गाड्यांच्या चाचण्या जिथे होतात, त्याच टेकडीच्या पायवाटांवर पहाटे जाड टायरच्या सायकली फिरत असतात. फोर्स मोटर्सचं मुख्यालय आकुर्डीत, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. गाड्या बांधणारे आणि सायकली चालवणारे एकाच गावात राहत असताना दोघांची गाठ पडायचीच.

आमच्याकडे आलेलं या प्रकारचं पहिलं काम मारुती ईकोचं होतं. एक सायकलपटू दर शनिवारी साताऱ्याकडे जायचे. सायकल छोट्या गाडीच्या टपावर आणि मुक्काम लॉजवर. त्यांची तक्रार एकच: "लॉजवाला सायकल खोलीत नेऊ देत नाही, आणि बाहेर ठेवली तर रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही." चांगली माउंटन बाइक आज लाखाच्या पुढे जाते, फुल सस्पेन्शनची तर त्याच्या कितीतरी पुढे. कर्ज काढून घेतलेली वस्तू अनोळखी गावात साखळीने बांधून झोपायचं कसं? त्या कामापासून प्रत्येक ग्राहकाला आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो, की तुम्ही झोपलेले असताना सायकल कुठे असणार? पलंग, ओटा, सोलर हे सगळं नंतर येतं. या एका उत्तरावरून गाडीचं निम्मं माप ठरतं.

बाहेरच्या स्टँडबद्दल आमचं मत आधी सांगतो. मागच्या दाराला लावायचा स्टँड दुपारच्या फेरीला ठीक आहे. पण त्याने नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात. घाटातल्या खड्ड्यांत सगळं वजन बिजागऱ्यांवर हिसके देतं आणि पावसात मागच्या चाकांचा चिखल थेट चेन आणि सस्पेन्शनवर उडतो. टपावरचा स्टँड गाडीची उंची मीटरभराने वाढवतो. दिवसभर चढून आलेल्या माणसाला पंधरा किलोची सायकल डोक्यावर उचलायला लावणंही बरं नाही. मुक्कामाच्या सहलीत सायकल आतच हवी, यावर आम्ही ठाम आहोत.

मग येतो मापांचा हिशेब. एकोणतीस इंची चाकांची सायकल सुमारे १८५ ते १९० सेंमी लांब असते, हँडल ७८ ते ८० सेंमी रुंद आणि जमिनीपासून साधारण ११० सेंमी उंच. पुढचं चाक काढून फोर्क, म्हणजे ते चाक धरणारा दुहेरी दांडा, तळाच्या क्लॅम्पमध्ये अडकवला की लांबी दीड मीटरवर येते आणि हँडल पंधरा-वीस सेंमी खाली उतरतं. ड्रॉपर सीटपोस्ट, म्हणजे खालीवर सरकणारी सीटची दांडी, असेल तर सीट खाली दाबली की तिचाही अडथळा नाही. म्हणजे पलंगाखाली सायकली उभ्या ठेवायच्या तर खालची मोकळी उंची किमान ९५ सेंमी हवी.

गाडीची आतली उंची १८५ सेंमी धरा. त्यातून सायकलींचे ९५, पलंगाच्या सांगाड्याचे ५ आणि गादीचे १० वजा केले की वर ७५ सेंमी उरतात. माणसाला ताठ बसायला साधारण ९० लागतात. म्हणजे आडवं पडता येईल, पण पाऊस कोसळत असताना पलंगावर बसून चहा पिता येणार नाही. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर गाडी वापरणार असाल तर हा मुद्दा लहान नाही, कारण संध्याकाळ आतच काढायची असते. चाक न काढता सायकल आत ढकलायची हौस असेल तर वर साठ सेंमीसुद्धा उरत नाहीत. मी ग्राहकांना शेडमध्ये प्लायचा तुकडा तेवढ्या उंचीवर धरून त्याखाली पडायला लावतो. कागदावरचा आकडा आणि नाकापासून दोन वितींवरचं छत यांत फार फरक असतो.

दुसरी पद्धत शेजारी-शेजारीची. एका कडेला लांबीत पलंग, दुसऱ्या कडेला सायकली. दोन सायकली तोंडं उलटसुलट करून लावल्या आणि हँडलं वरखाली चुकवली तर मीटरभर रुंदीत बसतात. यात उंची वाचते, पण पलंग एकट्यापुरताच राहतो. जोडप्यासाठी आम्ही पलंगाखालचीच पद्धत सुचवतो, सायकली बाहेर सरकणाऱ्या ट्रेवर बसवून. चॅनलवर चालणारा ट्रे मागचं दार उघडून ओढायचा, सायकल उभ्या-उभ्या काढायची. कंबर वाकवून आत शिरावं लागत नाही. आमच्या कारागिरांनी या ट्रेवर सगळ्यात जास्त जीव लावला आहे. भाराखाली तो वाकू नये, घाटात खडखडू नये, आणि लॉक एका हाताने सुटावं. दुसऱ्या हातात सायकल असते.

माप कळल्यावर गाडी. ईकोची लांबी ३६७५ मिमी, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २३५० मिमी. एकट्यासाठी, दोन रात्रींच्या सहलीसाठी ती आजही मला आवडते. गावातल्या बोळातून निघते, कुठेही वळते, आणि कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी तिचा मिस्त्री भेटतो. दोघांसाठी मात्र विंगर किंवा ट्रॅव्हलर. टाटा विंगरला पुढची चाकं ओढतात, मागे शाफ्ट जात नाही, म्हणून तळ खाली असतो आणि सायकल चढवणं सोपं. पण पलंगाखाली चार सायकली, पाण्याची टाकी, अवजारं असा सगळा भार मागच्या अॅक्सलच्याही मागे गेला की चढावर पुढची चाकं हलकी होतात. ओल्या लाल मातीच्या चढावर हे चटकन जाणवतं. फोर्स ट्रॅव्हलरला मागची चाकं ढकलतात. तळ उंच आहे, चालवायला ती जड वाटते, पण मागचा भार तिथे चाकाला पकड देतो. ज्यांचा रस्ता डांबरावरच संपतो त्यांना आम्ही विंगर सांगतो, ज्यांना शेवटचे दोन-तीन किलोमीटर कच्च्यावरून जायचंय त्यांना ट्रॅव्हलर. २०२२ साली फोर्सची अर्बानिया आली. ती चालवायला खरोखर वेगळ्या जातीची गाडी आहे, पण तिचा सर्वांत लांब, ४४०० मिमी व्हीलबेसचा प्रकार सात मीटरच्या आसपास जातो. ताम्हिणीत समोरून एसटी आली की सात मीटर म्हणजे काय ते समजतं. जिथून पायवाट सुरू होते तिथपर्यंत पोचणारी छोटी गाडी मला दहा किलोमीटर अलीकडे थांबणाऱ्या मोठ्या गाडीपेक्षा केव्हाही मोलाची वाटते.

वजनाकडे फार कमी लोक लक्ष देतात. अठरा मिमी प्लायची आठ बाय चारची एक शीट तेहतीस-चौतीस किलो भरते. घरच्या फर्निचरसारखं काम केलं तर बघता-बघता तीन-चार माणसांचं वजन लाकडातच जातं. आम्ही सांगाडा अॅल्युमिनियम सेक्शनचा करतो आणि पृष्ठभागाला पातळ प्लाय, तोही आयएस ७१० म्हणजे मरीन दर्जाचा. साधा कमर्शियल प्लाय दोन पावसाळ्यांत कडेने फुगतो.

पावसाळ्याचं आणखी थोडं सांगायला हवं, कारण परदेशी व्हॅनची चित्रं घेऊन येणाऱ्यांना ते दिसत नाही. तिथे प्रश्न थंडीचा असतो. आपल्याकडे ओल मुख्य. चिखलाने माखलेल्या सायकली, भिजलेले बूट, नी-गार्ड आणि जॅकेट बंद पत्र्याच्या डब्यात रात्रभर ठेवले की सकाळी छतावरून थेंब गळतात. म्हणून सायकलींचा कप्पा झोपायच्या भागापासून वेगळा, खाली निचऱ्याचं भोक, तळाला चेकर प्लेट म्हणजे उठावाच्या नक्षीचा पत्रा, आणि वर हवा बाहेर फेकणारा पंखा. पंखा आम्ही कधीच वगळू देत नाही. सायकल धुवायला महागडे प्रेशर वॉशर नकोत, त्या जोरदार धारेने बेअरिंगमधलं ग्रीस निघून पाणी आत जातं. शेतीच्या दुकानात मिळणारा सोळा लिटरचा बॅटरीवरचा फवारणी पंप घ्या. अर्ध्या टाकीत दोन सायकली स्वच्छ होतात. ही युक्ती नाशिककडच्या एका द्राक्ष बागायतदार ग्राहकाने आम्हाला दिली, आणि आता पंपाची जागा आमच्या प्रत्येक आराखड्यात असते.

विजेचं थोडक्यात. १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची एक लिथियम फॉस्फेट बॅटरी, गाडी चालताना भरणारा चार्जर आणि टपावर एक पॅनल, एवढ्यात दिवे, पंखा आणि छोटा फ्रिज निघतो. इलेक्ट्रिक माउंटन बाइक असेल तर तिची एकेक बॅटरीच ५०० ते ७५० वॉट-अवरची असते, तिथे दुप्पट क्षमता धरावी लागते. हिमाचलातल्या थंड स्पितीला जाणाऱ्यांना आम्ही बॅटरी आत, माणसांच्या उबेत बसवून देतो, कारण शून्य अंशाखाली असताना लिथियम फॉस्फेट बॅटरी चार्ज केली तर ती कायमची बिघडते. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौलला जाणारे महाराष्ट्रातले सायकलवाले वाढले आहेत, असं आमच्याकडच्या विचारणांवरून दिसतं. स्वयंपाकाच्या गॅसबद्दल एकच सांगतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळातच बाहेर उघडणारे झरोके हवेत, वरच्या खिडकीचा तिथे उपयोग नाही.

आता कायद्याचं. हे बोलायला कुणाला आवडत नाही, पण आम्ही कोटेशनच्या आधी बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल मनाप्रमाणे करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मोटर कॅरावानसाठी, म्हणजे राहण्याच्या सोयीसह बांधलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. कायमस्वरूपी पलंग-ओटा बसवलेली गाडी हवी असेल तर त्या मार्गाने मंजूर झालेलीच घ्यावी, असा आमचा आग्रह असतो. बाकीच्यांसाठी आम्ही काढता-घालता येणारे भाग करतो, आणि तेही आरटीओत विचारून मगच. बॉडीला भोक नाही, वायरिंगला हात नाही, सोमवारी गाडी पुन्हा होती तशी. अपघात झाला आणि विमा कंपनीने बदलांवर बोट ठेवलं, तर त्या कुटुंबाला आम्ही तोंड दाखवू शकणार नाही. यामुळे काही कामं हातची जातात, ती जाऊ देतो.

२०२१ साली महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाने कॅरावान धोरण आणलं, तेव्हापासून चौकशा वाढल्या. त्याबरोबर एक काळजीही वाढली. कास आणि आसपासच्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, मातीचा थर बोटभर जाडीचा असतो, आणि त्यातच ती सगळी फुलं जगतात. तिथे गाडीही नको, सायकलही नको. आम्ही गाडी ताब्यात देताना हे सांगतो, आणि मुक्काम गावात कुणाच्या तरी अंगणात, विचारून, पैसे देऊन करा असंही सांगतो. मावळात, जावळीत अशी अंगणं भरपूर आहेत आणि तिथे मिळणारी भाकरी गाडीतल्या शेगडीवर होत नाही.

सध्या आम्ही एकट्या माणसाला वीस मिनिटांत काढता येईल असा ईकोसाठीचा हलका ट्रे करतोय. कोल्हापूरच्या एका ताईंसाठी तो सुरू केला. त्या एकट्याच राधानगरी, आंबोलीकडे जातात आणि आठवडाभर त्याच गाडीतून दुकानाचा माल नेतात. शेडमध्ये यायचं असेल तर गुरुवार सोडून कधीही या. एमआयडीसीला त्या दिवशी सुट्टी असते. गाडी अजून घेतली नसेल तर उत्तम. सायकल मात्र बरोबर आणा, आणि पायात रोजचे बूट नकोत, सायकलचे घाला, त्यांनाही जागा लागते.