दोन रिंगा

एप्रिल महिना, हळदीचा हंगाम जोरात. कुपवाड एमआयडीसीतल्या हळद कारखान्याचा तरुण मालक भर दुपारी माझ्या बेअरिंगच्या दुकानात आला आणि फडक्यात बांधलेलं बेअरिंग काउंटरवर ठेवलं. "काका, तीन महिन्यांत हे तिसरं. आता याच्याहून मोठं द्या. पैशाचं बघू नका."

नंबर २२२१६ के. शेवटचे १६ पाचानं गुणले की ८० मिलिमीटर, हे आतलं भोक. के म्हणजे भोक निमुळतं, त्यात स्लीव्ह म्हणजे निमुळती नळी बसते आणि शाफ्ट येतो ७० चा. २२२ ही दोन ओळींच्या स्फेरिकल रोलरची मालिका, शाफ्ट जरासा वाकला तरी सांभाळून घेणारी. त्याच्या कारखान्यातल्या गरम हवेच्या पंख्याला हीच हवी. मोठं म्हणजे २२२१८ दिलं, तर ब्लॉक, म्हणजे बेअरिंगचं घर बदला, शाफ्ट बदला. आणि दुखणं तिथंच राहायचं.

मी बेअरिंग डिझेलनं धुतलं, बाहेरची रेस म्हणजे कडी तिरकी फिरवून पाहिली. एका ओळीचे रोलर तापून निळे पडलेले, रेसचे टवके उडालेले. शेजारची ओळ मात्र नवीकोरी! कारखान्यात सगळे हळदीच्या धुळीला बोल लावत होते. धूळ शिरली असती तर दोन्ही ओळी खरवडल्या असत्या. इथं शाफ्ट लांबीच्या दिशेनं रेटत होता.

"विकत नाही. आधी पंखा दाखव," म्हटलं.

पुलीकडचा ब्लॉक उघडाच होता, बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना लोकेटिंग रिंगा, म्हणजे बेअरिंगला ब्लॉकमध्ये सरकू न देणाऱ्या कड्या. ते बरोबर, एक टोक पक्कं धरावंच लागतं. मग पंख्याकडचं टोपण काढायला लावलं. तिथंही दोन रिंगा, आणि रोलरची बाहेरची ओळ तशीच निळी. दोन्ही टोकं जखडलेली. दोन बेअरिंगांमध्ये सव्वा मीटर शाफ्ट. गरम हवेनं तो बैठकीपेक्षा ५० अंशांनी जास्त तापला, तर पाऊण मिलिमीटर वाढणार. वाढायला जागाच नव्हती.

कारखान्याचे फिटरमामा साठीचे. जानेवारीत ब्लॉक नवे घातले ते त्यांनीच. चेहरा उतरला त्यांचा. "पुडीत चार रिंगा होत्या, म्हटलं चारही घालायच्या असतील." मालक काही बोलायच्या आत मी म्हणालो, कुठली रिंग कुठं, हे त्या पुडीवर लिहिलेलंच नव्हतं. खरंच नव्हतं. बेअरिंग विकणाऱ्यानं हे सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

त्याच नंबरची दोन बेअरिंगं दिली, फक्त सी ३ क्लिअरन्सची, म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त फट असलेली, कारण आतली रेस बाहेरच्यापेक्षा जास्त तापते. पंख्याकडच्या रिंगा काढल्या, बेअरिंग ब्लॉकच्या मधोमध ठेवलं. स्लीव्हचा नट आवळताना मामा दर थोड्या वेळानं फिलरची पातळ पाती घालून रोलरवरची फट मोजत होते. इतक्या हळुवार हातानं काम करणारा माणूस मी फार दिवसांनी पाहिला. ग्रीस मात्र ते ब्लॉक गच्च भरेपर्यंत घालायला निघाले होते, तेवढं थांबवलं. गच्च भरलं की घुसळून आणखी तापतं.

रात्री नऊला पंखा सुरू केला. तासाभरानं ब्लॉकवर हात ठेवला, तर निवांत टेकवता येत होता. उरलेल्या दोन रिंगा मामांनी तारेत ओवून पंख्याच्या खांबाला टांगल्या आणि शेजारी खडूनं लिहिलं: 'या बाजूला घालू नये.'