फ्रेम संपली, पाणी संपलं नव्हतं

दुपारची एमआरआयची लिस्ट संपत आली होती, शेवटचा पेशंट म्हणजे घोटा दुखावलेला एक कॉलेजचा मुलगा. फुटबॉल खेळताना पाय रुतला आणि अंग तेवढं फिरलं, दहा दिवस झालेले, घोट्याचा एक्स-रे नॉर्मल, चिठ्ठीवर लिहिलेलं "एटीएफएल टेअर?". घोटा मुरगळला की बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचं हेच लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, फाटतं, म्हणून मीही आधी तिथेच गेले. स्कॅनच्या ज्या स्लाइसवर फिबुलाच्या, म्हणजे पायातल्या बाहेरच्या बारीक हाडाच्या, आतल्या अंगाला खळगा दिसतो तिथे ते शोधायचं, आणि सापडलं की लगेच, फिबुलापासून घोट्यातल्या टॅलस हाडापर्यंत सलग काळी पट्टी. लिगामेंट धड असलं की एमआरआयवर काळंच दिसतं, फाटलं की त्यात पांढरं पाणी शिरतं, इथे तसं काहीच नाही.

खरं सांगते, दिवसभर स्क्रीनसमोर बसल्यावर अशा वेळी रिपोर्ट उरकायचा मोह होतो. पण आतल्या बाजूचं डेल्टॉइड लिगामेंट बघितलं तर त्याचे खोलवरचे धागे पार विस्कटलेले. बाहेरचं ठणठणीत आणि आतलं फाटलेलं, हे साध्या मुरगळण्यात बसेना. मग एकेक स्लाइस वर सरकत गेले. टिबिया, म्हणजे नडगीचं हाड, आणि फिबुला एकमेकींना बांधून ठेवणारं पुढचं लिगामेंट असतं तिथे पट्टीच नाही, नुसता पांढरा राडा, आणि दोन हाडांच्या मधल्या पडद्यालगत एक पांढरी रेघ वर वर चढत गेलेली, थेट शेवटच्या स्लाइसपर्यंत. घोट्याचा स्कॅन घोट्याच्या थोडं वर जाऊन थांबतो. पाणी संपलं नव्हतं, आमची फ्रेम संपली होती.

पोटात गोळाच आला. पाऊल बाहेरच्या बाजूला पिळलं गेलं की तो जोर आतल्या लिगामेंटपासून सुरू होऊन दोन हाडांच्या मधून वर चढतो आणि कधीकधी पार गुडघ्याखाली फिबुला मोडून बाहेर पडतो, मेझोनव्ह नावाच्या फ्रेंच सर्जननी हे १८४० मध्येच मांडलंय. घोट्याच्या एक्स-रेत ते येणारच नाही ना!

मी तशीच बाहेर धावले. पोरगा बाकावर बसून मोजा चढवत होता.

"काय रे, गुडघ्याखाली दुखतंय का?"

"नाही मॅडम, घोटाच दुखतोय."

गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला दोन बोटं ठेवून जरासं दाबलं आणि तो कळवळून उठलाच. घोट्याच्या दुखण्यापुढे वरचं त्याला जाणवलंच नव्हतं, आणि दहा दिवस तो त्याच पायावर लंगडत चालत होता. टेक्निशियन म्हणाला, मॅडम चिठ्ठीत घोटाच लिहिलाय, म्हटलं मी बोलते डॉक्टरांशी, तू पूर्ण पायाचा एक्स-रे घे. फिबुलाच्या मानेशी, म्हणजे तिच्या वरच्या टोकाच्या जरा खाली, तिरकी चीर स्पष्ट दिसली.

ऑर्थोच्या डॉक्टरांना लगेच फोन केला. वरचं फ्रॅक्चर सहसा तसंच जुळू देतात, ऑपरेशन करायचं ते खाली, फाकलेली दोन हाडं जवळ आणून स्क्रूनी धरून ठेवायला, नाहीतर सांध्याची झीज ठरलेली. ते काम त्यांचं. मला त्या क्षणी काळजी होती नसेची, पाऊल उचलणारी नस त्याच मानेला वळसा घालून जाते.

"अंगठा वर कर बघू."

त्याने केला. मग पाऊलही वर उचललं, दुखत होतं तरी पूर्ण. मी व्हीलचेअर मागवली.