काकांच्या दवेची नोंद करताना

आम्ही आंध आदिवासी, नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातले. माझे थोरले काका हाड बसवतात, काविळीला झाडपाला देतात. पैसे मागत नाहीत. कुणी नारळ ठेवतं, कुणी ज्वारी. साप चावलेला माणूस आला तर मात्र जराही न थांबवता त्याला सरकारी दवाखान्यात पाठवतात.

जैवविविधता कायदा बदलल्याचं कळलं तेव्हापासून मला काकांच्या ज्ञानाची काळजी लागली. गावच्या वनस्पती आणि माहिती वापरून कंपनीनं कमावलं तर गावाला वाटा द्यायचा, ही २००२ च्या कायद्यातली तरतूद. २०२३ च्या दुरुस्तीनं ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला आणि लागवडीच्या औषधी वनस्पतींना यातून बरीच मोकळीक दिली. काकांचं ज्ञान कुठल्याच ग्रंथात नाही. उद्या कुणी म्हणालं, हे तर पोथीतलंच, तर गावानं दाखवायचं काय?

म्हणून ग्रामपंचायतीत जाऊन लोक जैवविविधता नोंदवही मागितली, म्हणजे गावची झाडं-वनस्पती आणि त्यांची माहिती लिहून ठेवायची वही. ती होती. राष्ट्रीय हरित लवादानं, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायालयानं, या वह्या पुऱ्या करायला ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली होती, त्या घाईत बाहेरच्या कुणीतरी बनवून दिलेली. आमच्या रानात कधी न उगवलेलं कोकम तिच्यात होतं. धावडा नव्हता. जाणकारांच्या रकान्यात एकही नाव नव्हतं. वाचून फार वाईट वाटलं.

ग्रामसभेत विषय लावून घेतला. ही वही करते ती गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती. जुन्या नियमांप्रमाणे तिच्यात अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य असायचे, त्यात एक तृतीयांश बाया हव्या होत्या. आमच्याकडे त्या फक्त कागदावर होत्या. समिती नव्यानं झाली, तेव्हा मी आग्रह धरून गावातल्या म्हाताऱ्या सुईणीला घेतलं. २००५ ला जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, आणि ते चांगलंच झालं. माझी लेकरंही तिथंच जन्मली. पण त्या बदलात तिला कुणी काही विचारलं नाही. बाळंतिणीचा शेक, मालिश, दूध येण्यासाठीचा पाला हे सगळं तिच्याजवळ होतं, आणि सांगायला ती आतुर होती. तिच्यासोबत रानात फिरताना जेवढं शिकले तेवढं शाळेच्या पुस्तकांतून शिकले नाही.

अडलं ते काकांपाशी. “पोरी, लिहून दिल्यावर ते आपलं ऱ्हातं का?” त्यांचा प्रश्न रास्त होता. नोंदवहीतली माहिती गुप्त ठेवता येते, हे मी त्यांना दाखवलं. तरी ते दोन-तीन आठवडे गप्पच होते. शेवटी ठरलं असं: झाडाचं आमच्याकडचं नाव, ते कुठल्या ओढ्याकाठी, कुठल्या महिन्यात मिळतं, कशावर चालतं आणि कोणाला ठाऊक आहे, एवढं लिहायचं. दवा कशी करायची, किती द्यायची, हे नाही. ते काका पुतण्याला तोंडी देतील. ‘हे ज्ञान या गावात पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलं आहे’ हे वाक्य प्रत्येक नोंदीखाली घातलं.

ग्रामसभेत नोंदवही मोठ्यानं वाचून मंजूर केली, ठरावाची प्रत घेतली. तुमच्या गावाची वही अजून कुणी उघडली नसेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आधी जाणकारांचा रकाना बघा. तो रिकामा असेल तर जाणती माणसं आहेत तोवरच तो भरून घ्या. आमच्या सुईणीला आता नीट दिसतही नाही.