दीड मार्कात पास

आमच्या शेजारच्या बागायतदाराची रिसलिंग नापास झाली. रिसलिंग म्हणजे पांढऱ्या द्राक्षाची एक जात, आणि तिची वाइन. आंबली नाही, सांडली नाही. सरकारी परीक्षेला बसवली होती, तिथं उडाली. त्यानं मला पत्रच दाखवलं. कारणं दोन: गढूळ आहे, आणि रिसलिंगसारखी वाटत नाही. त्याच्या पणजोबांनी त्याच उतारावर रिसलिंग लावली होती. आणि आता टेबलाशी बसलेली चार माणसं त्याला सांगतात की ही रिसलिंग नव्हे.

तेव्हापासून मी या परीक्षेच्या मागे लागले आहे. घरातले कंटाळलेत, आता तुमची पाळी.

मी राहते माइन्झच्या दक्षिणेला, ऱ्हाइनहेसनमध्ये. जर्मनीतला सगळ्यांत मोठा वाइनचा पट्टा हाच. निफाडची पोर द्राक्षातून उठली आणि द्राक्षातच जाऊन बसली, असं आई म्हणते. फक्त आपल्याकडं एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता गोडी छाटणी, अशी कात्री वर्षातून दोनदा चालते. इथं वेल हिवाळाभर झोपते, छाटणी एकदाच. आपल्याकडं बाग छाटायला घेतात तेव्हा इथं तोडणी सुरू असते. त्यामुळे अण्णांशी फोनवर बोलताना दोघांच्याही बोलण्यात द्राक्षंच असतात, पण हंगाम कधी जुळत नाही.

तर परीक्षा. लेबलवर 'क्वालिटेट्सवाइन', म्हणजे दर्जाची वाइन, असं लिहायचं असेल, तर ती वाइन सरकारी केंद्रात पाठवावीच लागते. १९७१च्या वाइन कायद्यापासूनची ही पद्धत. मोझेल खोऱ्यातली महागडी आउसलेझ, म्हणजे निवडक पिकल्या घडांची वाइन, असो की सुपरमार्केटातली तीन युरोची बाटली, दोघींना एकाच बाकावर बसवतात. प्रयोगशाळेचा अहवाल आणि सीलबंद बाटल्या जमा करायच्या. चव घेणाऱ्यांना जात, साल, प्रदेश एवढं सांगतात, बाग कुणाची ते सांगत नाहीत. आधी हो-नाहीचे प्रश्न: रंग बरोबर आहे का, स्वच्छ आहे का, त्या जातीची नि त्या भागाची वाटते का. एकाला जरी 'नाही' आलं तरी तिथंच बाद. यातून पार पडली की मग वास, चव आणि एकूण मेळ, प्रत्येकाला पाचपैकी मार्क.

आणि पास व्हायला किती लागतात? प्रत्येकात दीड.

पाचपैकी दीड म्हणजे शंभरात तीस. आपल्या दहावीला पस्तीस लागतात! जर्मन काटेकोरपणाच्या धाकात मी इतकी वर्षं कचरा सात डब्यांत वाटत जगले, रविवारी ड्रिल मशीन लावलं म्हणून बोलणी खाल्ली, आणि ज्या गोष्टीचा या लोकांना सगळ्यांत जास्त अभिमान त्या वाइनला हे तिसात पास करतात. मी शेजाऱ्याला पस्तिसांचं सांगितलं. तो हसला नाही. त्याची रिसलिंग मार्कांपर्यंत पोचलीच नव्हती, हॉलतिकिटावरच अडली होती.

पास झालेल्या वाइनला नंबर मिळतो. 'आम्टलिशे प्र्युफनुमर', म्हणजे सरकारी तपासणी क्रमांक, असं लांबलचक नाव आहे, लेबलवर नुसतं ए.पी. लिहून पुढं आकडे असतात. मला आता दुकानात बाटली उलटी करून हे आकडे वाचायची सवय लागली आहे. पहिला आकडा केंद्राचा, मग गाव, मग बाटली भरणारा, मग त्यानं पाठवलेल्या नमुन्यांतला क्रमांक, आणि शेवटचे दोन परीक्षेच्या वर्षाचे. मोझेलचे शौकीन तर एकाच बागेच्या, एकाच सालच्या, एकाच नावाच्या दोन पिंपांतल्या वाइन या क्रमांकावरून ओळखतात नि त्यावर तासभर वाद घालतात. उद्या कुणी तक्रार केलीच तर पडताळून बघायला केंद्रात त्याच वाइनच्या बंद बाटल्या दोन वर्षं ठेवलेल्या असतात. देशातल्या प्रत्येक बऱ्या वाइनचा घोट सरकारनं आधी घेतलेला असतो, ही कल्पनाच मला फार आवडली. हसू येतं तरी आवडली.

पण ही आवड निखळ नाही. निफाड, दिंडोरीकडच्या वाचकांना २०१० आठवत असेल. बाकीच्यांसाठी दोन ओळी. त्या वर्षी युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला. शेतकरी त्याला लिहोसिन म्हणतात. छाटणीनंतर वेलीची वाढ रोखून काडीत घड धरावा म्हणून ते वापरायचे. युरोपची मर्यादा प्रतिकिलो ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत हे औषध तेव्हा नव्हतंच. कंटेनर बंदरात अडकले. याच औषधाला गव्हात मात्र युरोपात कितीतरी जास्त मुभा होती, कारण तिथला शेतकरी गव्हावर ते स्वतः मारतो. त्या वर्षी आमच्या घरात द्राक्षाचा पैसा आला नाही. अण्णा त्यावर कधी बोलत नाहीत. मीच बोलते, तेही जर्मन लोकांसमोर, वाइन पिता पिता.

म्हणून मला दीड मार्काचा राग येतो. आमच्या घडाला दशांशाच्या दुसऱ्या घरात मोजायचं, आणि यांची वाइन दीड मार्कावर वर चढवायची. शेजारी म्हणतो, एक रसायनाची तपासणी आहे, दुसरी चवीची, तुलना होत नाही. बरोबर आहे त्याचं. तरीही मी तुलना करते.

आणि जिभेवर एवढा भरवसा असेल तर १९८५चं काय? ऑस्ट्रियातल्या काही व्यापाऱ्यांनी हलक्या वाइनला अंग नि गोडवा यावा म्हणून तिच्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलं होतं. ते जर्मनीत पकडलं गेलं, आणि मग काही जर्मन बाटल्यांतही सापडलं, कारण इथल्यांनी ती ऑस्ट्रियन वाइन आपल्यात ओतली होती. ग्लायकॉल गोडसर लागतं, जिभेला संशय येत नाही. पुढं ऑस्ट्रियानं कायदा इतका कडक केला की आज त्यांच्या वाइनला जगात मान आहे. हे मी शेजाऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, तेव्हा तो शाळेत होता.

त्यानं नापास रिसलिंगचं काय केलं, ते सांगायला हवं. 'लांडवाइन' नावाची एक खालची पायरी आहे. तिथं ही परीक्षा नाही, पण मग लेबलवर त्या विशिष्ट बागेचं नावही लिहिता येत नाही. त्यानं तशीच बाटली भरली, गढूळच, आणि बर्लिनच्या एका दुकानाला त्याच्या पास झालेल्या रिसलिंगपेक्षा जास्त दरानं विकली. न गाळलेल्या, आपल्या आपण आंबू दिलेल्या वाइनला तिकडं गिऱ्हाईक आहे. बाडेनमध्ये तर अशा लांडवाइनवाल्यांचा वेगळा बाजारच भरतो. म्हणजे इथं नापास होणं हाही धंदा झाला आहे. मी ती वाइन प्यायले. वास सफरचंदाच्या सालीचा, शेवटी जरा तुरट. मला आवडली, पण पंचांचंही पटलं. रिसलिंग म्हणून कुणी दिली असती तर मीही भुवया उंचावल्या असत्या. रिसलिंगचं एक बरं असतं, जुनी झाली की तिला रॉकेलचा वास येतो, आणि इथले जाणकार ते दोष म्हणून नाही, कौतुकानं टिपून ठेवतात.

हे सगळं डोक्यात असताना घरी शेनिन ब्लांक या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइन चाखायची संध्याकाळ ठेवली. शेनिन मुद्दाम निवडली. तिचं माहेर फ्रान्समधलं लुआरचं खोरं, सगळ्यांत जास्त लागवड दक्षिण आफ्रिकेत, आणि नाशिकनंही तिला आपलं म्हटलं. लुआरमधली एक वूव्रे, दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉशची एक, लुआरमधलीच एक साव्हनिएर आणि आपली नाशिकची. सगळ्या बाटल्या कागदी पिशवीत. शेजारी, त्याची बायको, नवऱ्याचे ऑफिसातले दोघं आणि मी. मार्क वीसपैकी, जुन्या कॅलिफोर्निया पद्धतीनं. शंभरी पद्धत मला पटत नाही. रॉबर्ट पार्कर या अमेरिकी वाइन समीक्षकानं ती रुळवली, पण तिची सुरुवातच पन्नासापासून होते, आणि नव्वदच्या खालचं कुणी छापत नाही. पदकांचं तर विचारूच नका. आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेच्या नियमानुसार स्पर्धेतल्या तीस टक्क्यांहून जास्त नमुन्यांना पदक देता येत नाही, तरी सुपरमार्केटच्या फळीवर सोनेरी चकती नसलेली बाटली शोधावी लागते.

वूव्रेला साडेसोळा. साव्हनिएरला सोळा, माझे एकटीचे अठरा. स्टेलनबॉशला पंधरा. नाशिकला तेरा.

शेजाऱ्याच्या कागदावर लिहिलं होतं: पेरू, केळं, आंबटपणा कमी, थोडी गोड. वाईट असं त्यानं लिहिलं नाही. पिशवी काढल्यावर सगळे फार छान बोलले, भारतात वाइन होते हेच किती कौतुकाचं वगैरे. त्या छान बोलण्यापेक्षा तेरा परवडले.

आता माझी बाजू ऐका. ती बाटली मामेभाऊ मुंबईहून घेऊन आला. नाशिकहून दुपारच्या गाडीत, मग मुंबईच्या उन्हाळ्यात, मग बॅगेत. वूव्रे इथल्या थंड तळघरातून आली होती. शिवाय मी ती साव्हनिएरच्या लगेच नंतर ओतली, आणि इतक्या आंबट, कडक वाइननंतर कुठलीही मऊ वाइन मिळमिळीतच लागते. आणि आपल्याकडं तोडणी जानेवारीपासून मार्चपर्यंत, ऊन चढत असताना. आंबटपणा टिकवायचा तर पहाटे तोडावं लागतं. इथं ढगाळ ऑक्टोबर बागेचं ते काम फुकटात करतो. साखरेत म्हणाल तर आम्ही कमी नाही. अण्णांच्या थॉमसन द्राक्षाला १८ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) भरतं, म्हणजे इथल्या मापात सुमारे ७४ अंश एक्सले. मोझेलसारख्या थंड भागात काबिनेट, म्हणजे साखरेवरून ठरणाऱ्या दर्जांतल्या पहिल्या पायरीला, सत्तरच्या आसपास पुरतात. थॉमसनची वाइन सहसा कुणी करत नाही आणि करूही नये, तो मुद्दा वेगळा.

आणि खरंच सांगते, त्या तेरांवर माझा फार विश्वासही नाही. रॉबर्ट हॉजसन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या एका वाइनवाल्या प्राध्यापकानं तिथल्या राज्याच्या स्पर्धेत परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली होती. २००८ साली त्यानं निष्कर्ष छापले. आपलेच मार्क एका पदकाच्या पट्ट्यात राखू शकणारे परीक्षक दहातला एखादाच निघाला. हे वाचल्यावर मला जर्मन दीड मार्काबद्दल थोडं बरं वाटू लागलं. कुठली वाइन ९१ची आणि कुठली ९३ची हे जिभेनं ठरवण्याचा हट्ट सरकार धरत नाही. पिण्याजोगी आहे का, जी म्हणवते ती वाटते का, एवढंच विचारते. शेजाऱ्याशी मात्र हे बोलायची सोय नाही.

काही जण विचारतील, दारूवर एवढं काय लिहायचं. वाइन म्हणजे दारू की शेतमाल, यावर २०२२ साली सुपरमार्केटात विक्रीच्या निर्णयावरून आपल्याकडं जे रणकंदन झालं ते मी इथं बसून वाचत होते. इथं सोळा वर्षांच्या पोराला दुकानात वाइन मिळते आणि शनिवारी सकाळी माइन्झच्या बाजारात भाजी घेता घेता आज्या ग्लास हातात घेऊन उभ्या असतात. हे सगळंच चांगलं आहे असं माझं म्हणणं नाही. पण आमच्या तालुक्यातली बाग ज्या दिवशी फक्त व्यापाऱ्याच्या डोळ्यावर आणि मण्याच्या मिलिमीटरवर विकली जायची थांबेल, तो दिवस मला हवा आहे, आणि तो वाइनच्या वाटेनं आला तर माझी हरकत नाही.

अण्णा माळकरी. जन्मभर द्राक्षं पिकवली, घोट घेतला नाही. रविवारी फोनवर नाशिकचे तेरा सांगितले. ते म्हणाले, "वीसपैकी तेरा म्हणजे पासष्ट टक्के. फर्स्ट क्लास आला की गं." मग लगेच, "बाग कुणाची होती?" मला माहीत नव्हतं. बाटलीवर कंपनीचं नाव होतं, गावाचं नाही. ते म्हणाले, मग मार्क कुणाला दिले तुम्ही?

पुढची बैठक शिराज या काळ्या द्राक्षाच्या वाइनची. फ्रान्सच्या ऱ्होनची आणि ऑस्ट्रेलियाच्या बारोसाची बाटली इथं मिळते. नाशिकची मिळत नाही. डिसेंबरात फ्रँकफर्टला कुणी येत असेल तर कळवा: युरोपबाहेरून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला चार लिटर वाइन करमुक्त आणता येते. एक बाटली पुरे. लेबलवर गावाचं नाव असेल तर फार बरं, आणि कृपा करून रात्रीच्या गाडीनं आणा.